गुणाची जोडी

ओतूरच्या आसपास तेव्हा माणसांसाठी मका कोणी पेरत नसे. मका गुरांचा. विहिरीच्या कडेला, कांद्याच्या वाफ्यांच्या बांधाला, पाट वळतो तिथल्या ओलीवर त्याचा एखादा पट्टा असायचा आणि हिरवा असतानाच कापून तो दावणीला जायचा. माणसं बाजरी खात. पाहुणे आले तर गहू किंवा तांदूळ. आमच्या घरी मात्र मका चुलीपर्यंत पोचला होता, कारण आई आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळची होती आणि तिच्या माहेरी मका आवडीने खात. लग्न होऊन ती आमच्या वाडीत आली तेव्हा बायकांनी तिला 'मकेवाली' म्हणायला सुरुवात केली. तिने ते मनावर घेतलं नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते चारचौघांत सांगायचे की गुरांचं खाऊन माझ्या अंगात बैलाचं बळ आलंय, बाकी अक्कल होती तेवढीच राहिली.

मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. बाजरीसारखं साध्या पाण्यात मळलं तर भाकरी हातातच फुटते. आई पाणी उकळून पिठावर ओतायची, झाकण ठेवायची, आणि हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायची. थापताना कडा फाटत; ओल्या बोटाने ती त्या सांधत जायची. बाजरीच्या भाकरीचा थाप-थाप आवाज घरभर ऐकू येतो, मक्याची भाकरी मात्र जवळजवळ मुक्याने होते. तव्यावर ती फुगत नाही, जाड राहते, वरून पिवळे फोड धरते. सोबत लसणाचा ठेचा आणि ताक. भरडलेल्या मक्याच्या कण्या शिजवून ताकात कालवल्या की दुपारचं जेवण. कोवळ्या कणसांचा किसणीवर कीस काढून त्याला जिरं-मिरचीची फोडणी दिली, वर चमचाभर दूध घातलं की संध्याकाळचं. कणसं निखाऱ्यावर भाजायचं काम दादांचं. दाणा तडतडला की ते कणीस फिरवत आणि कोणाशी बोलत असले तरी बोलणं तिथेच थांबवत.

हल्ली पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या अलीकडे मक्याचे दाणे कागदी पेल्यात मिळतात, लोणी आणि मसाला लावून. चव गोड असते. मी दोनदा घेतले, दोन्ही वेळा संपवले, आणि त्याविषयी लिहिण्यासारखं मला काही सापडलं नाही.

आईकडे लोक येत ते मात्र खाण्यासाठी नव्हे, कणसाच्या केसांसाठी. कणसाच्या टोकाला पानांतून बाहेर येणारा रेशमासारखा झुबका असतो, तोच. उन्हाळी लागली, म्हणजे लघवी जळजळून थेंब थेंब होऊ लागली, तर या केसांचा काढा द्यायचा, हे तिला तिच्या आईकडून आलं होतं. केस काढायची वेळ ठरलेली असे: दाणा भरू लागलेला असावा आणि केस अजून पिवळसर, ओलसर असावेत. तपकिरी होऊन वाळले की ती त्यांना हात लावत नसे. सुपात पातळ पसरून सावलीत वाळवायचे. मग मूठभर केस तांब्याभर पाण्यात घालून पाणी निम्म्यावर येईपर्यंत उकळायचे, फडक्यातून गाळायचे आणि सकाळी उपाशीपोटी द्यायचे. त्याचा वास उकडलेल्या कणसाचा आणि थोडासा ओल्या गवताचा. चव जवळपास नसतेच, म्हणून मुलंही पीत. मुतखड्यालाही लोक तोच नेत. खड्याला तो किती चालतो हे आईने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

याचे पैसे घ्यायचे नाहीत, हाही माहेरचाच नियम. त्याऐवजी एक रीत होती. गुण आला की त्या माणसाने आपल्या शेतातली दोन कणसं आणायची, त्यांची पानं मागे सोलून एकमेकांत विणायची आणि ती जोडी आमच्या ओसरीवर ठेवायची. बोलायचं काही नाही. औषधाच्या गुणाविषयी तोंडाने बोललं की तो उतरतो, अशी समजूत होती. आई जोडी उचलून ओसरीच्या वाशाला टांगायची. स्वतःच्या शेतात मका नसला तर माणसं शेजाऱ्याकडून मागून आणत, पण आणत. ही कणसं खायची नसत. मृग लागायच्या आधी आई ती उतरवून दाणे मोकळे करायची आणि विहिरीजवळच्या पट्ट्यात तेच बियाणं टोकायची, म्हणजे बऱ्या झालेल्या माणसांच्या मक्याचे केस पुढच्या आजाऱ्यांना मिळायचे. आमच्या त्या पट्ट्यात कुठलं ताट उंच, कुठलं बुटकं, कुठल्या कणसात पिवळ्या दाण्यांत तांबडे दाणे मिसळलेले. घराघरातून आलेलं ते बी होतं. वाशाला जोड्या दाटीने लोंबत आणि वारा सुटला की त्यांची वाळलेली पानं एकमेकांवर घासून सळसळत. माझं बालपण त्या आवाजाखाली गेलं. आलेला माणूस काढा मागायच्या आधी वर बघायचा, आणि वर बघितल्यावर त्याला शंका उरत नसे. आईलाही नसे.

मी ओतूरच्या कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. कांदा निघाल्यावर मोकळ्या रानात मेंढ्यांचा वाडा बसवला की लेंडीखत मिळतं. त्यासाठी ओळखीचं एक मेंढपाळ कुटुंब दरवर्षी येई. त्यातली कर्ती बाई ठकूबाई. तिच्या नवऱ्याला कमरेत आणि ओटीपोटात कळा येत होत्या. आईने नेहमीप्रमाणे काढा दिला, आणि ते कुटुंब आमच्या रानात होतं तोवर तो रोज सकाळी नेला गेला. निघायच्या आदल्या दिवशी ठकूबाई ओसरीवर येऊन बसली. हातात काही नव्हतं. तिला शेत नव्हतं, त्यामुळे कणसं नव्हती, आणि आमची रीतही तिला ठाऊक नव्हती. आईने सहज विचारलं, मालकांना आता बरं आहे ना.

"न्हाई बाई," ठकूबाई म्हणाली. "जळजळ थांबली, ती लई झाक थांबली. पण कळ हाय तशीच हाय. सकाळधरनं लोळतोय गडी."

माझ्या आठवणीत आईला तोंडावर असं पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. मग तिने वाशाकडे बोट केलं आणि म्हणाली, की एवढ्या लोकांना गुण आला म्हणून ते ही कणसं ठेवून गेले, तुमच्याच माणसाला कसा आला नाही, पथ्य मोडलं असेल. ठकूबाईने मान वर करून सगळ्या जोड्या नीट पाहिल्या. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"ही माणसं सांगून गेली का बरं वाटलं म्हणून? का नुसती कणसं ठिवून गेली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडा हलवला. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करताना, तक्रार आली नाही एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं छापू नये, हे मला पुष्कळदा सांगण्यात आलं आणि मीही नव्या मुलांना सांगितलं. ओसरीवर मात्र तेव्हा असं काही सुचलं नव्हतं. आई दिवसभर पुन्हा पुन्हा वाशाकडे बघत होती एवढंच दिसलं. संध्याकाळी तिने भांडी घासायला घेतली आणि अर्ध्यात ठेवून ती शेजारच्या गेणूभाऊंकडे गेली. मला सोबत यायला सांगितलं. गेणूभाऊंची जोडी आदल्याच हंगामात आली होती.

गेणूभाऊ गोठ्यात धार काढत होते. आईने उंबऱ्यातूनच विचारलं, भाऊ, मागच्या साली काढा नेला होता, त्याने खरंच गुण आला होता का. गेणूभाऊंनी आधी म्हशीला दोन शिव्या दिल्या. मग आला की, म्हणाले. आई तिथून हलली नाही. मग त्यांनी चरवी खाली ठेवली.

"वैनी, बरं वाटलं हे खरंय. म्हंजे, वारूळवाडीच्या डाक्टरनं सुया टोचल्यावर वाटलं."

"मग कणसं कशाला आणून ठिवली?"

"आता तुमच्या दारचा काढा पेलो, आन् रिकामा बसू? बरं दिसतं का ते? आमच्या हिनं तर डाक्टरकडं जायच्या आधीच कणसं इणून ठिवली व्हती."

आतून गेणूभाऊंच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. आईलाही हसू आलं असावं, पण घरी येताना वाटेत ती दोनदा थांबली. पुढचे दोन-तीन दिवस ती वाडीतल्या आणखी काही घरी जाऊन आली. जळजळीला काढा खरोखर लागू पडत होता. बहुतेकांनी ते सांगितलं आणि सांगताना कोणी अडखळलं नाही. खड्याचं विचारलं की माणसं दुसरीकडे बघत. एकाने जुन्नरला जाऊन ऑपरेशन केलं होतं आणि येताना बाजारातून कणसं विकत आणून जोडी ठेवली होती. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मकेवालीचं मन मोडू नये, एवढ्यासाठी सगळी वाडी खोटं बोलत आली होती, आणि तेही तोंड न उघडता.

आईला खरी धास्ती होती ती पांडूमामाची. मामा तिचा पाठचा भाऊ, महाळुंग्याला शेती करणारा. त्याला खड्याचा त्रास बऱ्याच दिवसांपासून होता आणि आई वाळवलेले केस पिशवीत भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्याच्याकडे पाठवत असे. गेल्या मृगापासून त्याने दोनदा जोडी आणून दिली होती, स्वतः एसटीने येऊन. दुसरी अलीकडेच. ती देताना तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता आणि बस म्हटलं तरी बसला नव्हता. आईला आता ते आठवलं. उद्या महाळुंग्याला जायचं, तू चल, असं ती मला म्हणाली. दादांनी कारण विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की उशीर झाला तर तिथेच राहा, गुरांचं मी बघतो.

आम्ही नारायणगावला गाडी बदलली, कळंबला उतरलो आणि पुढे जीपने गेलो. आईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. पानांच्या आवाजावरून कळत होतं. मामा ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण उठायला त्याला भिंतीचा आधार लागला. अचानक कसं काय पावणं, म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, कॉलेजला सुट्टी आहे का मास्तरांनीच पळवून लावलं, असं विचारून हसला. त्याचा चेहरा सुजलेला होता, डोळ्यांखाली जास्त. पायात चप्पल नव्हती आणि बोटांमधल्या खाचा बुजल्या होत्या. मामी आत चहा ठेवायला गेली. आईने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पांडू, कळ येती का अजून?"

"छ्या. तुझ्या काढ्यानं पळाली. झकास हाय मी."

आईने पिशवीतून दोन्ही जोड्या काढल्या आणि त्याच्यापुढे ओट्यावर ठेवल्या. कणसं वाळून कडक झाली होती.

"ह्या मी माघारी आणल्यात. खरंच बरा झाला असशील तर तुझ्या हातानं परत मला दे."

मामाने एक कणीस उचललं, एक दाणा नखाने खरवडला आणि कणीस खाली ठेवलं. मामी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात चहाची भांडी होती आणि तिने ती कोणाला दिली नाहीत. मग मामा जे म्हणाला ते मला शब्दशः आठवतं, कारण नंतर आई ते वाक्य कित्येकदा स्वतःशी म्हणायची.

"ताई, त्या गावात तुला मान हाय तो ह्याच्यावर हाय. सख्ख्या भावालाच गुण आला न्हाई, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"मान चुलीत घाल," आई म्हणाली. "लघवी कशी व्हती?"

उत्तर मामीने दिलं. कमी होते, लाल होते, गेल्या महिन्यापासून अन्न जात नाही, ताप येऊन जातो. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात ताईला कळेल. मामा तिच्यावर डोळे वटारायला गेला, पण अर्ध्यातच त्याने मान खाली घातली. आईने तिथल्या तिथे जीपवाल्याला निरोप धाडला. दुपार कलायच्या आत आम्ही वारूळवाडीच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात होतो. गेणूभाऊंनी सांगितलेला तोच दवाखाना.

डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, तो खिडकीशी धरला आणि विचारलं की हा माणूस लघवी वाढवणारं काही घेत होता का. मामा 'नाही' म्हणाला. त्याच वेळी आई म्हणाली, "व्हय. मक्याच्या केसांचा काढा. मी देत व्हते." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की काढा वाईट नाही, लघवी सुटायला त्याची मदत होते. पण खड्याने वाट अडवली असेल तर आधी वाट मोकळी करायची असते, नुसतं पाणी वाढवून भागत नाही. इथे वाट अडून बरेच दिवस झाले आहेत. लगेच पुण्याला न्या. हे सगळं त्यांनी जेवढ्या आवाजात सांगितलं तेवढ्याच आवाजात आईने विचारलं, वाचेल का. वाचेल, ते म्हणाले, पण उजव्या बाजूचं मी सांगू शकत नाही.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मामाची उजवी किडनी काढावी लागली. डावी शाबूत होती. आईच्या काढ्याने किडनी गेली असं कोणत्याही डॉक्टरने म्हटलं नाही, आणि पुढे मी चौकशी केली तेव्हाही कोणी तसं सांगितलं नाही. काढ्याच्या भरवशावर वेळ गेला, हे मात्र सगळ्यांना समजलं. आई त्याच्या खाटेशी बसून होती. मामाला शुद्ध आल्यावर दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी बाहेर होते आणि नंतर विचारलं नाही.

घरी आल्यावर आईने ओसरीवरच्या सगळ्या जोड्या उतरवल्या आणि कणसं गुरांना घातली. वाडीत ते कोणाला आवडलं नाही. काढा द्यायचं तिने बंद केलं नाही, आणि याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं. केस ती पूर्वीसारखेच काढत आणि वाळवत राहिली. पण आता आलेल्याला ती आधी दहा गोष्टी विचारायची: कळ पाठीत आहे का, ताप येतो का, लघवी लाल होते का. होय म्हटलं की काढा नाही, सरळ वारूळवाडी, आणि सोबत कोणी नसेल तर ती स्वतः एसटीत बसायची. नुसती उन्हाळी असेल तर मूठभर केस द्यायची आणि बजावायची की दोन-चार दिवसांनी येऊन सांगायचं, रिकाम्या हाताने यायचं, आणि आधी होतं तसंच असेल तर तसंच सांगायचं. लोकांना हे जड गेलं. तोंडाने बोललं की गुण उतरतो, ही समजूत जुनी होती, आणि एखाद्या बाईला तिच्याच ओसरीवर 'तुझ्याने झालं नाही' असं म्हणणं त्याहून अवघड. येणारे कमी झाले. गेणूभाऊंची बायको म्हणायची, मकेवाली आता कोर्टासारखी उलटतपासणी घेते. हल्ली कणसाचे वाळवलेले केस छापील पाकिटात मिळतात, फोनवरून मागवता येतात. पाकिटावर गुण लिहिलेले असतात. कधी घेऊ नये हे बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामा आला. बारीक झाला होता, सदरा अंगावर सैल लोंबत होता. जीप दारापर्यंत येऊ शकत होती तरी शेवटचं थोडं अंतर तो चालत आला. आईने ओवाळलं. डॉक्टरांनी त्याला मीठ बेताचं सांगितलं होतं, म्हणून आईने त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात कोवळ्या मक्याचा कीस केला होता आणि कोणाला त्या पातेल्याला हात लावू दिला नव्हता. पंगतीला मामा, दादा आणि मी. आई वाढत होती. मामाने पहिला घास घेतला, चावला आणि थांबला. दुसरा घास घेण्याऐवजी त्याने हात ताटाच्या कडेवर ठेवला. दादा माझ्याकडे बघत होते. आईने विचारलं, कसा झालाय.

मामा मान खाली घालून बोलला आणि त्याचे कान लाल झाले होते.

"ताई, मीठ जास्त पडलंय."

आई त्याच्यासमोर खाली बसली. त्याच्या ताटातला चिमूटभर कीस तिने उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून नीट चावला.

"पडलंय," ती म्हणाली. त्याचं ताट तिने बाजूला सरकवलं आणि दुसरा कीस काढायला विळी-किसणी घेऊन पुन्हा बसली.